अबोली म्हणजे ७.४

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर जकुझी आहे, हे वाक्य भाईंदर पूर्वेत उभं राहून उच्चारायला थोडं धैर्य लागतं. इथे सकाळी दोन माणसं भेटली की नमस्काराच्या आधी ‘तुमच्याकडे पाणी आलं का?’ विचारतात. अशा ठिकाणी आम्ही पंधराशे लिटर पाणी नुसतं बुडबुडे काढायला साठवून ठेवलंय म्हटल्यावर नवघर रोडचा भाजीवालाही वजन करता करता थांबतो. पण आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात एक बाई हनुवटीपर्यंत फेसात बुडून हसत होती आणि तिच्यामागे डोंगर होते. ताबा मिळाल्यावर डोंगर निघाले नाहीत, मिठागरं निघाली आणि त्यांच्यापलीकडे खाडी. बाईही निघाली नाही. जकुझी मात्र निघाली, निळी, सहा जण बसतील अशी. आणि तिच्यापाठोपाठ निघाले पीएच काका.

काकांना खरं नाव आहे. ते दाराच्या पाटीवर आणि मेंटेनन्सच्या बिलावर आहे, बाकी कुठे कुणी वापरत नाही. आमच्याकडे एरवी माणसं फ्लॅटच्या नंबरानं ओळखली जातात, ‘तीनशे चारच्या सासूबाई पडल्या’, ‘सातशे दोनचं जमलं’ वगैरे. नंबर सोडून पदवीनं ओळखला जाणारा सभासद एकटाच.

काकांची सगळी नोकरी इथल्याच स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात झाली. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतून निघालेले डबे आणि पातेली कितीतरी घरांच्या मांडणीवर बसली आहेत. त्यातली बरीचशी बसण्याआधी काकांच्या हाताखालून गेलेली असणार. काका होते तपासणीला. डबा घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, अंगठा फिरवायचा आणि पोचा, ओरखडा, तिरकं झाकण यातलं काही सापडलं की खडूनं फुली मारून म्हणायचं, “रिजेक्ट.” निवृत्तीच्या दिवशी खडू कारखान्यात राहिला, शब्द घरी आला. आता हा माणूस तुमच्याकडे चहाला आला तर आधी कप उजेडाकडे धरतो. शेजाऱ्याच्या लग्नात अक्षता टाकायच्या आधी हॉलचा पंखा किती डुगडुगतो ते बघतो. असली माणसं मराठी मुलखात ठायी ठायी आहेत. त्यांना जगाबद्दल राग नसतो, जग तपासणीविना पुढे सरकतंय याची हळहळ असते. बहुतेकांना आयुष्यभर तपासायला नेमकं काय, ते सापडत नाही. काकांना जकुझी सापडली.

सुरुवात झाली ती उद्घाटनाला. पालिकेचं पाणी पिण्यालाच पुरत नाही. शहराची तहान स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी भागवतात, म्हणजे शेवटी उल्हास नदी आणि बारवी धरण. सूर्या योजनेतलं रोजचं २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरच्या वाट्याला ठरलेलं आहे आणि ‘सूर्या येणार’ हे वाक्य ऐकत ऐकत इथली पोरं नोकरीला लागली. तेव्हा जकुझीसाठी टँकरच. टँकर आला, पाणी चढलं, नितळ, तळाचा स्क्रू दिसावा असं. चेअरमन शेठ फीत कापायला कात्री घेऊन उभे. काका कठड्याला टेकून म्हणाले, “हे पाणी बोअरचं आहे. क्लोरीन टाकण्याआधी लोह बघा.”

“काका, एकदम काच आहे पाणी,” शेठ म्हणाले.

क्लोरीन पडला. टाळ्या झाल्या, पेढे फिरले, आणि अर्ध्या तासात टबभर चहा तयार झाला. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह डोळ्यांना दिसत नाही. क्लोरीन भेटला की त्याचा गंज होतो आणि तो तपकिरी होऊन सगळ्यांना दिसतो. मुलं रडायला लागली, शेठ टँकरवाल्याला फोन लावायला लागले. एकटे काका त्या तपकिरी पाण्याकडे असे बघत होते, की माहितीपत्रकातली बाईसुद्धा फेसात इतकी खूश दिसली नव्हती. चाळीस वर्षं डब्यांना फुल्या मारल्या, पण असं सणसणीत रिजेक्ट त्यांच्या नशिबात प्रथमच आलं होतं. त्या रात्री फिल्टर धुवायला ते आणि वॉचमन दोघंच होते. सकाळी कमिटीनं ठराव करून जकुझीचं पाणी काकांच्या स्वाधीन केलं. मानधन शून्य, अधिकार अमर्याद.

तेव्हापासून पाणी बदलायचा दिवस हा आमच्या इमारतीतला सण आहे. टब रिकामा करून पुसून कोरडा होतो. मग भरताना नळीच्या तोंडाला काकांनी कापसाचं गाळण बांधलेलं असतं. पाणी काठापासून चार बोटांवर आलं की पंप चालू आणि काका स्टुलावर. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा, गळ्यात माळ, खिशात पेनाऐवजी ड्रॉपर. बाजूला प्लॅस्टिकची पेटी, तिच्यात बाटल्या, काचनळ्या, चमचे आणि घरचा सोनं तोलायचा काटा. तो काकूंनी मोठ्या मुलीच्या लग्नाच्या वेळी घेतला होता. आता त्यावर खाण्याचा सोडा तोलतात.

कारण पहिली अल्कलिनिटी. हा क्रम काकांनी आम्हाला मुंजीतल्या मंत्रासारखा पाठ करून घेतला आहे. आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग हार्डनेस आणि सगळ्यात शेवटी क्लोरीन. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याचा स्वभाव किती ठाम आहे ते. ती ८० ते १२० पीपीएमच्या मध्ये हवी. कमी असली तर चिमूटभर आम्लानं पीएच तळाला जातो आणि चिमूटभर सोड्यानं छताला. पंधराशे लिटरमध्ये ती दहानं वाढवायला २५ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. काका २५ म्हणजे २५च घेतात. एकदा काटा २६ दाखवत होता, तर त्यांनी एक ग्रॅम परत पुडीत घातला आणि पुडीवर तसं लिहिलं.

पावसाळ्यात आम्ही गच्चीवर पडणारं पाणी गोळा करून टबात भरायची टूम काढली होती. फुकटचं, मऊ, आभाळातून थेट. काकांनी ती हाणून पाडली नाही, अर्धी मान्य केली. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम एवढं, की हीटरच्या नळीवर महिन्या-दोन महिन्यांत पांढरा थर बसतो. आणि हार्डनेस उतरवायला दुसरं काही औषध नाही, मऊ पाणी मिसळायचं एवढंच. पण निव्वळ पावसाचं पाणी भरलं तर त्याला अल्कलिनिटी नावालाही नसते. “ते पाणी नवशिक्या मेंबरासारखं आहे,” काका म्हणाले, “जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूनं मत देतं.” शेवटी दोन भाग बोअर आणि एक भाग वरुणराजा असं ठरलं.

पीएचचं मात्र घरातच युद्ध झालं. काका पट्ट्या वापरत नाहीत. पट्टी पाण्यात बुडवून डबीवरच्या चौकोनांशी ताडून बघणं म्हणजे त्यांच्या मते अंदाजपंचे दाहोदरसे. काका थेंबवाले. काचनळीत पाणी घ्यायचं, फिनॉल रेडचे पाच थेंब टाकायचे, हलवायचं आणि आलेला रंग तक्त्याशी लावायचा. ६.८ ला पिवळा आणि तिथून नारिंगीवरून चढत चढत ८ च्या पुढे गर्द गुलाबी. आपल्याला हवं ७.२ ते ७.८, काकांना हवं ७.४. अडचण अशी, की काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालं आहे. उजव्या डोळ्याला ७.४ दिसतं, डाव्याला ७.२. कुठला डोळा पास करायचा यावर सोसायटीत दोन तट पडायच्या बेतात होते, तेव्हा काकू फडक्याला हात पुसत गच्चीवर आल्या. नळी हातात घेतली, आभाळाकडे धरली आणि म्हणाल्या, “हा अबोली आहे.”

“तक्त्यात अबोली नाही,” काका.

“मग तक्ता चुकलाय. मागच्या वेळचा होता तो डाळिंबी. त्याच्या आधी टँकरचं आलं होतं ते गुलबक्षी. इतकी वर्षं साड्या कुणी घेतल्या या घरात?”

काका गप्प झाले. पण माणूस तपासणीतला. माप कुठून आलं याच्यापेक्षा ते दर वेळी तेच येतं का, हे त्याला महत्त्वाचं. त्यांनी महिनाभर काकूंची परीक्षा घेतली. नळ्या मागेपुढे करून, क्रम बदलून, एकदा तर तीच नळी दोनदा देऊन. काकू एकदाही चुकल्या नाहीत, वर ‘ही मगाचीच आहे’ असं बजावून नळी परत दिली. तेव्हापासून सोसायटीच्या जकुझी रजिस्टरात पीएचच्या रकान्यात शेंदरी, अबोली, डाळिंबी, गुलबक्षी असे शेरे आहेत आणि पहिल्या पानावर काकांच्या रेखीव अक्षरात तळटीप आहे: अबोली म्हणजे ७.४. ऑडिटर आले होते, त्यांनीही त्याखाली बरोबरची खूण करून दिली.

पीएचचा शोध कुणी लावला, हे काकांना कुणी विचारलं तर ते विषय बदलतात. मी शोधून काढलं. सोरेन्सन नावाच्या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ही मोजपट्टी मांडली, आणि ती प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याची. माळकरी माणसाची यातली अडचण समजण्यासारखी आहे. जकुझीबद्दल मात्र ते भरभरून सांगतात. जकुझी हे आडनाव आहे. इटलीतून कॅलिफोर्नियात गेलेल्या भावांचं. आधी विमानाचे पंखे केले, मग विहिरीचे शेतीपंप. घरातल्या एका लहान मुलाला संधिवात होता, त्याला घरच्या घरी पाण्याचा मारा मिळावा म्हणून त्यांनी १९५६ साली बाथटबात सोडायचा पंप काढला. पंपासकट आयता टब १९६८ चा. “म्हणजे मूळचे शेतीपंपवाले,” काका म्हणतात, “आपल्या किर्लोस्करांच्याच जातकुळीतले. आपल्याकडे फक्त टब जोडायचा राहिला.”

क्लोरीनवर बोलताना काकांचा आवाज कचेरीतला होतो. ग्रामपंचायतीचा पाणीवाला विहिरीचं पाणी ज्या ओटीनं बघतो, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाणी पिवळं होतं का ते, ती परीक्षा काकांना अपुरी वाटते. “पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे एवढंच कळतं. त्यातला कामावर किती आणि मस्टरवर सही करून कँटीनमध्ये किती, हे कसं कळणार?” त्यासाठी ते डीपीडीची गोळी वापरतात, ती फक्त कामावरचा क्लोरीन गुलाबी करून दाखवते. घाम आणि त्याहून न सांगण्याजोगं काही पाण्यात मिसळलं की क्लोरीन त्याला चिकटून बसतो, कामातून जातो आणि वास मारायला लागतो. तलावावर ‘काय क्लोरीन टाकलाय!’ म्हणून आपण नाक धरतो तो बहुतेक वेळा या कँटीनमधल्या क्लोरीनचा वास असतो. औषध जास्त झालेलं नसतं, माणसं जास्त झालेली असतात.

हे शेवटचं वाक्य काकांच्या सगळ्या विद्येचं सार आहे, आणि इथूनच आमचे त्यांच्याशी खटके उडू लागले. कारण टब भरला, सोडा पडला, अबोली आला, हार्डनेस बसला, क्लोरीन ३ वर स्थिरावला, पाणी ३८ अंशांना तापलं, की आमची अपेक्षा असायची आता उतरायचं. काकांच्या चेहऱ्यावर मात्र डबे पॅक झाल्यावरचा आनंद. पॅक झालेल्या मालाला परत बोट लावतात का कुठे? गच्चीच्या दारावर त्यांनी नियमांची पाटी लावली. उतरण्याआधी साबणानं आंघोळ, आणि साबणानंतर पुन्हा साध्या पाण्यानं. केसांना तेल नको, अंगाला पावडर नको, कपड्याला साबणाचा अंश नको. एका वेळी पंधरा मिनिटं. ४० अंशांच्या वर पाणी नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारून. इथवर सगळं पुस्तकी आणि योग्य. शेवटची ओळ काकांची स्वतःची: ‘शक्य असल्यास उतरणे टाळावे.’

नरक चतुर्दशीला पहाटे तीनशे चारचं सगळं कुटुंब उटणं, तिळाचं तेल आणि चिराटं घेऊन गच्चीवर हजर झालं. गरम पाणी आहे, सहा जण बसतात, अभ्यंगस्नानाला आणखी काय हवं? काका दाराशी स्टूल टाकून आधीच बसले होते. “शास्त्रात सूर्योदयापूर्वी सांगितलंय,” ते म्हणाले, “जकुझीत सांगितलेलं नाही.” मग त्यांनी तेलाचा थर काठावर कसा बसतो, फिल्टर कसा बुजतो, उटणं क्लोरीन कसा खातो, हे अशा तपशिलानं सांगितलं, की पोरांनी खालीच जाऊन बादलीत आंघोळी केल्या. चिराटं काकांनी मात्र फोडून घेतलं. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, टबापासून लांब.

गणपतीत तर सातशे दोननं कमालच केली. जेसल पार्कच्या खाडीपर्यंत विसर्जनाला जायचं म्हणजे गोडदेव नाक्यापासून गर्दी, ढोल, पाऊस. कृत्रिम तलाव हल्ली सगळीकडे करतातच, मग दीड दिवसाचा बाप्पा जकुझीत का नको? आम्हाला वाटलं काका आता भडकणार. त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, “शाडूची की प्लॅस्टरची?” जणू यातल्या एकीला परवानगी असावी. शाडूची असेल तर पाणी गढूळ होऊन पंपात माती. प्लॅस्टरची असेल तर ते कॅल्शियम सल्फेट, हार्डनेस कुठल्या कुठे जाईल. सातशे दोनचा धाकटा आरतीची घंटा हातात धरून ऐकत होता. त्यानं विचारलं, “म्हणजे बाप्पा रिजेक्ट?” काकांनी पटकन दोन्ही कान धरले. “छे, छे! बाप्पा पास. पाणी रिजेक्ट होईल.”

आता कुणी म्हणेल, या माणसाची फक्त चेष्टाच करावी का? तर एक प्रसंग सांगायला हवा. नवा वॉचमन आला होता, हुशार आणि उत्साही. काका येण्याआधी तयारी करून ठेवावी म्हणून त्यानं एका हातात ब्लीचिंग पावडरची बादली घेतली आणि दुसऱ्या हातात पीएच उतरवायच्या आम्लाची बाटली. दोन्ही टबातच जायचं तर एकत्रच कालवू, हा त्याचा हिशोब. काकांचा आवाज जिन्यातून आला तो असा, की बाटली हातून सुटण्याऐवजी हातात गोठली. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीनचा वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, इप्रच्या खंदकांवर जर्मनांनी सोडला तोच. काकांनी त्याला खाली बसवलं, चहा पाजला आणि आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, हे दहा वेळा वदवून घेतलं. तो पोरगा आजही काकांना लांबून बघितलं की आधी तेच म्हणतो, सलाम नंतर करतो.

वार्षिक सभेतलं त्यांचं भाषणही असंच, हसणाऱ्यांना मध्येच थांबवणारं. खजिनदारांनी औषधांच्या खर्चावर बोट ठेवलं. जकुझीत कुणी उतरतच नाही तर क्लोरीन कशाला? काका उठले. १९९९ साली नेदरलँड्समध्ये बोवेनकार्स्पेल गावी फुलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे विक्रीसाठी मांडलेले टब नुसते दाखवायला चालू ठेवले होते. त्यांत कुणीही उतरलं नव्हतं. लोक शेजारून चालत गेले, तुषार श्वासातून आत गेले आणि लिजिओनेला नावाच्या जंतूनं तीसहून जास्त माणसं दगावली. “तेव्हा उतरो न उतरो,” काका म्हणाले, “गरम पाण्यात बुडबुडे आहेत तोवर क्लोरीन आहे.” खर्च मंजूर झाला.

पण खजिनदार हार मानणारे नव्हेत. त्यांनी विचारलं, पाणी किती दिवसांनी बदलायचं याला काही गणित? आहे ना. काकांनी फळ्यावर मांडलं. टबाच्या लिटरना साधारण ११ नं भागायचं. पंधराशे भागिले अकरा, १३६. त्याला रोज उतरणाऱ्या माणसांनी भागायचं. चार माणसं उतरत असतील तर ३४ दिवसांनी पाणी बदला.

“आणि रोज शून्य माणसं उतरत असतील तर?”

काकांचा खडू फळ्यावर थांबला. हातात खडू आलाच होता, त्यातून हा प्रश्न. “शून्यानं भागता येत नाही,” ते हळूच म्हणाले, आणि सभागृहात मागच्या रांगेपर्यंत दिसावा असा प्रकाश त्यांच्या तोंडावर पडला. खजिनदारही त्याच क्षणी उजळले. त्यांना टँकरचं बिल कायमचं मिटताना दिसत होतं. कधीच न बदलावं लागणारं पाणी! काकांनी प्रामाणिकपणे पुढे सांगितलं, की तरीही तीन-चार महिन्यांनी बदलावंच लागतं, औषधांचेच क्षार साठत जातात. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि इतिवृत्तात ते वाक्य आलं नाही.

या सगळ्यात काकांचे स्वतःचे गुडघे गेले. कठड्याशी वाकून, स्टुलावर चढउतार करून गेले, असं काकूंचं निदान. वयानं, असं डॉक्टरांचं. डॉक्टर म्हणाले गरम पाण्यात बसा. ज्याच्या ताब्यात भाईंदर पूर्वेतलं सगळ्यात निगुतीनं राखलेलं गरम पाणी आहे, त्या माणसानं यावर काय करावं? काकूंना विचारलं, “अकलोलीला जाऊ या का?”

वसईहून एसटीनं दोघं वज्रेश्वरीला गेली. १७३९ साली वसईचा किल्ला मिळावा म्हणून चिमाजी अप्पांनी जिला नवस बोलला ती ही देवी. किल्ला मिळाला, देऊळ झालं. तिथून पुढे तानसा नदीच्या काठावर अकलोलीची गरम पाण्याची कुंडं. लोक लेकरांसकट उतरलेले, कुणी डोक्यावरून तांब्या ओततंय, कुणी गुडघे चोळतंय. काकूंनी पदर खोचला आणि पाय सोडून बसल्या. काकांनी पिशवीतून पेटी काढली. तपशील काकूंकडून कळला तो असा: फिनॉल रेडला आलेला रंग काकूंनाही कुठल्या साडीत आठवेना, क्लोरीनच्या गोळीला काही रंगच आला नाही आणि शेजारच्या एका आजोबांनी काकांना आरोग्य खात्याचे समजून शौचालयांबद्दल तक्रार लिहून दिली. काका पाण्यात उतरले नाहीत. परतीच्या एसटीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “काही टाकत नाहीत, काही बदलत नाहीत. इतकी वर्षं नुसतं वाहतंय.” काकू म्हणाल्या, “माझा गुडघा थांबला मात्र.”

पुढचं मला रजिस्टरावरून माहीत. कमिटीचा सभासद म्हणून महिन्याला मी त्यावर सही करतो. मधल्या एका शुक्रवारी रात्री साडेअकराची नोंद आहे, एरवी त्या वेळेला काका झोपलेले असतात. अक्षर त्यांचंच, फक्त कागदावर पाण्याचे दोन थेंब पडून शाई पसरलेली. नोंद अशी: ‘उतरलेले सदस्य एक. वेळ वीस मिनिटे (नियम पंधरा). तेल नाही. साबण नाही, उतरण्यापूर्वी तीन वेळा आंघोळ. तापमान ३८. पीएच, उतरण्यापूर्वी अबोली, नंतर अबोली. क्लोरीन, उतरण्यापूर्वी ५, नंतर ३. दोन पीपीएमची घट सदर सदस्यामुळे. गुडघे पास. सदस्याला समज देण्यात आली आहे.’